फुप्फुसाचा कॅन्सर ऑपरेशनपूर्वी कुठवर पोचला आहे, हे कसे ठरवतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुप्फुसाचा कॅन्सर असल्याचे कळल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न ‘ऑपरेशन कधी?’ हा असतो आणि डॉक्टर मात्र तारीख देण्याऐवजी आणखी तपासण्या लिहून देतात. छातीविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना सांगली, मिरज, तासगाव, कराड, सातारा या भागांतील नातेवाइकांनी ओपीडीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मला पुन:पुन्हा विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. तुमच्या रुग्णाला प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरांचे मत यापेक्षा वेगळे असेल, तर तेच धरावे आणि त्यामागचे कारण त्यांना विचारावे.

१. बायोप्सीत कॅन्सर निघाला आहे. मग लगेच ऑपरेशन का करत नाहीत?

ऑपरेशनमध्ये सर्जन फुप्फुसाचा एक भाग काढतात. रोग त्या भागापुरता किंवा त्याला लागून असलेल्या ग्रंथींपुरता असेल, तर त्याचा फायदा होतो. तो आधीच मेंदूत, हाडांत किंवा छातीच्या दुसऱ्या बाजूला पोचला असेल, तर रुग्णाला मोठ्या ऑपरेशनचा त्रास होतो, काढलेले फुप्फुस परत येत नाही आणि रोग आहे तिथेच राहतो. वर जखम भरेपर्यंत केमोथेरपी लांबते, ते वेगळेच. उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. रोग पसरलेला नसताना ‘पसरला’ असे समजून ऑपरेशन नाकारले गेले, तर बरा होऊ शकणारा माणूस ती संधी गमावतो. आमच्या भागात ही दुसरी चूक कशी घडते, ते प्रश्न ७ मध्ये सविस्तर लिहिले आहे.

२. स्टेज म्हणजे नेमके काय? रिपोर्टमधली टी, एन, एम ही अक्षरे कशाची?

‘टी’ म्हणजे मूळ गाठ किती मोठी आहे आणि आजूबाजूच्या कशात घुसली आहे. ३ सेंटिमीटरपर्यंत टी१, ३ ते ५ पर्यंत टी२, ५ ते ७ पर्यंत किंवा छातीच्या भिंतीत घुसलेली असल्यास टी३ आणि ७ सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा हृदय, महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी), श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) अशा ठिकाणी शिरलेली असल्यास टी४. ‘एन’ म्हणजे लसिका ग्रंथी. एन० म्हणजे ग्रंथी स्वच्छ. एन१ म्हणजे त्याच फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींत रोग. एन२ म्हणजे दोन फुप्फुसांच्या मधल्या पोकळीत त्याच बाजूच्या किंवा श्वासनलिका जिथे दुभंगते त्याखालच्या ग्रंथींत रोग. एन३ म्हणजे विरुद्ध बाजूच्या किंवा गळपट्टीच्या हाडावरील ग्रंथींत रोग. ‘एम’ म्हणजे दूर गेलेला रोग.

या तिन्हींच्या जोडणीतून पहिली ते चौथी स्टेज ठरते. ऑपरेशनचा निर्णय मात्र बहुतेक वेळा ‘एन’ या मधल्या अक्षरावर अडतो. एन० आणि एन१ असताना, रुग्णाची ताकद पुरेशी असेल तर, ऑपरेशन हा मुख्य उपचार असतो. एन२ मध्ये विचार करावा लागतो (प्रश्न १५ पाहा). एन३ असल्यास सहसा ऑपरेशन करत नाहीत. नातेवाईक गाठीच्या आकाराची धास्ती घेतात. मला स्वतःला आकारापेक्षा मधल्या ग्रंथींची चिंता जास्त असते.

३. रिपोर्टमध्ये तीन ठिकाणी ‘गाठ’ आहे असे सांगितले. म्हणजे तीन कॅन्सर झाले का?

हा घोळ बराचसा आपल्या भाषेचा आहे. मराठीत आपण मूळ कॅन्सरलाही गाठ म्हणतो आणि सुजलेल्या लसिका ग्रंथीलाही गाठच म्हणतो. लसिका ग्रंथी प्रत्येकाच्या शरीरात जन्मतः असतात. दात दुखला की जबड्याखाली जी हाताला लागते, तीच जात. त्यामुळे ‘दोन गाठी फुप्फुसाच्या मुळाशी आहेत’ या वाक्याचा अर्थ तिथे कॅन्सर आहे असा होत नाही. तिथल्या ग्रंथी मोठ्या दिसल्या, इतकाच होतो. या पानावर मूळ रोगाला ‘गाठ’ आणि लसिका ग्रंथीला ‘ग्रंथी’ असेच म्हटले आहे. डॉक्टरांशी बोलतानाही हा फरक विचारून घ्यावा.

४. छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी झाली आहे. तेवढे पुरत नाही का?

नाही. छातीच्या मधल्या ग्रंथी एक्स-रेमध्ये हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या सावलीत लपतात. शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन लागतो आणि त्यात मानेच्या पायथ्यापासून यकृत व अधिवृक्क ग्रंथींपर्यंतचा (या लसिका ग्रंथी नव्हेत, प्रश्न १२ पाहा) भाग यावा लागतो. सीटीच्या आधी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) तपासतात, कारण ते औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते.

५. तपासण्या कोणत्या क्रमाने करतात?

सुरुवात यंत्राने होत नाही. रुग्णाचा आवाज अलीकडे घोगरा झाला आहे का, पाठीचे किंवा मांडीचे हाड रात्री ठणकते का, डोके दुखून उलटी होते का, वजन किती उतरले, हे आधी विचारावे लागते. त्यानंतर मान चाचपावी लागते. गळपट्टीच्या हाडावर ग्रंथी हाताला लागली, तर बारीक सुईने तिथला नमुना घेता येतो आणि त्यात कॅन्सर निघाला, तर एन३ तिथल्या तिथे सिद्ध होतो. सर्वांत स्वस्त तपासणी ही आहे आणि घाईत सर्वांत आधी विसरली जाते तीही हीच.

त्यानंतर सीटी, मग पेट-सीटी (प्रश्न ६ पाहा), गरज असेल तिथे मेंदूचा एमआरआय आणि शेवटी संशयित ग्रंथीचा नमुना, असा साधारण क्रम असतो. सीटीवरच यकृतात आणि हाडांत पसरलेला रोग स्पष्ट दिसत असेल, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या चढण्याचे कारण उरत नाही. अशा वेळी सर्वांत सोप्या जागेचा नमुना घेऊन उपचार सुरू करतात.

६. पेट स्कॅन म्हणजे काय आणि त्याआधी कोणती काळजी घ्यायची?

कॅन्सरच्या पेशी साखर अधाशीपणे ओढतात. पेटमध्ये किंचित किरणोत्सारी केलेली साखर शिरेतून देतात आणि सुमारे तासाभराने ती कुठे साठली, याचे चित्र घेतात. तपासणीपूर्वी ६ तास काही खाऊ नये. साधे पाणी चालते. रक्तातील साखर सहसा २०० मिलिग्रॅमच्या आत असावी लागते, म्हणून मधुमेहींनी गोळ्या आणि इन्सुलिन यांच्या वेळा केंद्राला आधी फोन करून विचाराव्यात. स्वतःच्या मनाने काही बंद करू नये. आदल्या दिवशी शेतात अंगमेहनतीचे काम करू नये, कारण दमलेले स्नायूही साखर ओढतात. इंजेक्शननंतर तंबाखू, सुपारी किंवा च्युइंगम चघळल्यास जबड्याचे स्नायू चमकतात आणि गप्पा मारल्यास स्वरयंत्र चमकते, म्हणून तो तास गुपचूप पडून राहावे. त्या दिवशी गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यापासून दूर राहावे.

दिलेली वेळ पुढे ढकलली गेली की लोक चिडतात, त्यामागचे कारणही सांगतो. या औषधाची किरणोत्सारिता दर ११० मिनिटांनी निम्मी होते. ते सायक्लोट्रॉन (किरणोत्सारी द्रव्य बनवणारे यंत्र) असलेल्या शहरात बनते आणि गाडीने येते. वाटेत चार तास गेले, तर निघताना होते त्याच्या पाव भागापेक्षाही कमी उरते. गाडी घाटात अडकली की यादी कोलमडते.

७. पेटमध्ये छातीतल्या ग्रंथी ‘चमकल्या’ आहेत. म्हणजे कॅन्सर पसरलाच ना?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. उत्तर असे: पसरला असू शकतो, पण चमकणे हा पुरावा नाही. साखर कॅन्सरच्या पेशी ओढतात, तशाच जळजळ झालेल्या ठिकाणच्या पेशीही ओढतात. क्षयरोग (टीबी), सारकॉइडोसिस (ग्रंथी सुजवणारा, कॅन्सर नसलेला एक आजार), बुरशीचा संसर्ग, गाठीमुळे अडलेल्या भागातला न्यूमोनिया आणि धुळीने झालेली सूज या सगळ्यांत ग्रंथी चमकतात. जिथे टीबी विरळ आहे, अशा देशांतही पेटने संशयित ठरवलेल्या सर्व ग्रंथींत कॅन्सर निघत नाही. आपल्याकडे तर टीबी घरोघरी माहीत असलेला आजार आहे. त्यात दगडखाणीत, क्रशरवर किंवा फाउंड्रीत वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाच्या ग्रंथींत सिलिकाची धूळ साठलेली असते. चुलीवर आयुष्य काढलेल्या बाईच्या आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढे चिपाड सारणाऱ्या माणसाच्या ग्रंथी धुराने काळ्या झालेल्या असतात. म्हणून व्यवसायाची चौकशी ही औपचारिकता नसते. पेटच्या फॉर्मवर ‘शेती’ लिहिलेला माणूस तरुणपणी बारा वर्षे फाउंड्रीत होता, हे घरच्यांनी आवर्जून सांगावे.

काही खुणा उपयोगी पडतात. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी सारख्याच चमकत असतील, त्यांत कॅल्शियम साठलेले दिसत असेल, तर जुना टीबी किंवा धूळ यांची शक्यता वाढते. फक्त गाठीच्या बाजूची एखादी ग्रंथी जोरात चमकत असेल, तर कॅन्सरची शक्यता वाढते. शक्यता वाढली किंवा कमी झाली, तरी निर्णय नमुन्यावरच घ्यावा लागतो. माझ्याकडे असा एक रुग्ण आला होता, ज्याला दुसरीकडे पेटच्या कागदावरून ‘तिसरी स्टेज, ऑपरेशन नाही’ असे सांगून परत पाठवले होते. नमुन्यात ग्रंथी धुळीने काळ्या झालेल्या निघाल्या, कॅन्सरची एकही पेशी मिळाली नाही आणि पुढे त्याचे ऑपरेशन झाले.

उलटा प्रकारही नेहमी पाहतो. एक्स-रेवर डाग दिसला की थुंकीचा नमुना न पाहताच टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि दोन-तीन महिने गेल्यावर डाग वाढला म्हणून सीटी होतो. शिवाय टीबी आणि कॅन्सर एकाच छातीत एकत्र असू शकतात, म्हणून ग्रंथीचा नमुना कॅन्सरसाठी आणि टीबीच्या जीनएक्सपर्टसाठी (टीबीचे जंतू शोधणारी जनुकीय चाचणी) असा दोन्हीकडे पाठवावा.

८. ईबस म्हणजे काय? त्यासाठी छाती उघडावी लागते का?

छाती उघडावी लागत नाही. ईबसमध्ये तोंडावाटे दुर्बीण श्वासनलिकेत नेतात. तिच्या टोकाला छोटी सोनोग्राफी असते. नलिकेच्या भिंतीपलीकडची ग्रंथी पडद्यावर पाहत सुईने तिचा नमुना घेतात. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. घसा दुखणे आणि थुंकीत थोडे रक्त येणे एवढा त्रास सहसा होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी सांगाव्यात.

नमुना घेण्याचा क्रम ठरलेला असतो: आधी विरुद्ध बाजूच्या एन३ ग्रंथी, मग एन२, शेवटी एन१. उलट क्रमाने गेल्यास आधीच्या जागेतील पेशी सुईवरून पुढच्या नमुन्यात जाऊन स्टेज खोटीच वाढू शकते.

ईबस सगळीकडे पोचत नाही. अन्ननलिकेजवळच्या खालच्या ग्रंथींसाठी अन्ननलिकेतून सुई घालतात. डाव्या वरच्या भागातील गाठ असेल, तर महारोहिणीच्या कमानीलगतच्या ग्रंथी महत्त्वाच्या ठरतात आणि त्यांच्यासाठी कधी कधी दुर्बिणीतून छातीची छोटी शस्त्रक्रिया करावी लागते. ईबसमध्ये काही निघाले नाही, पण संशय दाट आहे, अशा निवडक रुग्णांत गळ्याच्या खाली छोटा छेद देऊन मीडियास्टिनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मधल्या ग्रंथी पाहून नमुना घेण्याची शस्त्रक्रिया, करतात.

९. सुई लावली की कॅन्सर पसरतो, असे गावात सांगतात. खरे आहे का?

सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत, पण ती फार दुर्मीळ आहेत. त्या भीतीने नमुना टाळणे हे त्याहून कितीतरी घातक आहे. छातीच्या भिंतीतून घेतलेल्या बायोप्सीचा खरा धोका वेगळा आहे. फुप्फुसाभोवती हवा साठू शकते आणि काही जणांना त्यासाठी नळी घालावी लागते. ‘बायोप्सीनंतर महिनाभरात माणूस गेला’ असे जेव्हा ऐकू येते, तेव्हा रोग बायोप्सीच्या आधीच पुढे गेलेला असतो.

१०. पेटमध्ये ग्रंथी स्वच्छ आहेत. तरीही ईबस कशाला?

गाठ फुप्फुसाच्या बाहेरच्या कडेला असेल, ३ सेंटिमीटर किंवा त्याहून लहान असेल आणि सीटी व पेट या दोन्हींत एकही ग्रंथी संशयित नसेल, तर थेट ऑपरेशनला जाता येते. गाठ मध्यभागी असेल, ३ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा मुळाशी एन१ ग्रंथी दिसत असेल, तर मधल्या ग्रंथी चित्रात स्वच्छ असूनही त्यांत सूक्ष्म रोग सापडण्याइतपत शक्यता असते, म्हणून नमुना घेतात. आणखी एक अपवाद ध्यानात ठेवावा: मूळ गाठच पेटमध्ये चमकली नसेल, जसे कार्सिनॉइड (हळू वाढणारा एक प्रकार) किंवा काचेसारखी धूसर दिसणारी गाठ, तर ग्रंथी चमकल्या नाहीत यावरून निश्चिंत होता येत नाही.

११. पेट सगळ्या शरीराचा काढला, मग मेंदूचा एमआरआय वेगळा का?

मेंदू स्वतःच भरपूर साखर वापरतो, त्यामुळे पेटमध्ये तो सगळाच उजळ दिसतो आणि त्यातला छोटा डाग हरवतो. दुसऱ्या स्टेजपासून पुढे, किंवा डोकेदुखी, फिट, तोल जाणे अशी लक्षणे असल्यास कोणत्याही स्टेजला, औषध देऊन एमआरआय करतात. लक्षणे नसलेल्या पहिल्या स्टेजमध्ये तो करावा का, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. हाडांचा वेगळा स्कॅन मात्र पेट झाल्यावर सहसा लागत नाही.

१२. पोटात मूत्रपिंडावर एकच डाग चमकला आहे. थेट चौथी स्टेज?

मूत्रपिंडावर टोपीसारखी अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्यात निरुपद्रवी गाठी बऱ्याच लोकांना असतात आणि कॅन्सरही तिथे जातो. औषध न देता केलेल्या सीटीत तिची घनता १० युनिटपर्यंत असेल, तर ती बहुधा चरबीयुक्त निरुपद्रवी गाठ असते. शंका उरल्यास नमुना घ्यावा. कोणत्याही एकुलत्या एका डागावरून, नमुन्याशिवाय, ऑपरेशन नाकारू नये. आणि तो एकच डाग खरोखर कॅन्सर निघाला, तरी निवडक रुग्णांत फुप्फुस आणि तो डाग या दोन्हींवर उपचार करण्याचा मार्ग उघडा राहतो.

१३. छातीत पाणी झाले आहे. ऑपरेशनचा विषय संपला का?

पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर ती चौथी स्टेज धरली जाते. पण पाणी टीबीने, न्यूमोनियाने किंवा हृदय कमकुवत झाल्यानेही होते, म्हणून ते काढून तपासावेच लागते. एकदा पेशी सापडल्या नाहीत म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही. पुन्हा तपासूनही उलगडा झाला नाही, तर दुर्बिणीने फुप्फुसाचे आवरण पाहून नमुना घेतात.

१४. दुसऱ्या फुप्फुसातही बारीक ठिपका आहे. त्याचे काय?

दुसरी गाठ फुप्फुसाच्या त्याच खंडात (मोठ्या भागात) असेल तर टी३, त्याच बाजूच्या दुसऱ्या खंडात असेल तर टी४ आणि विरुद्ध फुप्फुसात असेल तर एम१, असा नियम आहे. पण तो ठिपका त्याच कॅन्सरचा आहे असे ठरल्यावर. तो जुन्या टीबीचा व्रण असू शकतो किंवा अगदी स्वतंत्र, दुसरा कॅन्सरही असू शकतो. मग दोन्हींची स्टेज वेगवेगळी मोजतात. ८ मिलिमीटरपेक्षा लहान ठिपक्याबद्दल पेट फारसे सांगू शकत नाही. जुना सीटी किंवा एक्स-रे घरात असेल, तर तो शोधावा. पाच वर्षांपूर्वीही तोच ठिपका तेवढाच होता, हे दिसले की प्रश्न तिथेच मिटतो.

१५. नमुन्यात एन२ निघाला. आता ऑपरेशन कधीच होणार नाही का?

एन२ हा एकच प्रकार नाही. एकाच ठिकाणच्या लहान ग्रंथीतला रोग आणि अनेक ठिकाणच्या एकमेकींना चिकटलेल्या ग्रंथींतला रोग यांत मोठा फरक आहे. पहिल्या प्रकारात आधी औषधे देऊन, पुन्हा स्कॅन करून ऑपरेशन करता येते. दुसऱ्यात बहुतेकदा केमो आणि रेडिएशन एकत्र देतात. २०२२ पासून ऑपरेशनपूर्वी केमोसोबत इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध लढवणारी औषधे) देण्याची पद्धत रुळली आहे. त्याआधी नमुन्यावर ईजीएफआर आणि एएलके या जनुकीय चाचण्या कराव्यात, कारण त्यांत बदल असलेल्यांना इम्युनोथेरपीचा फायदा कमी होतो आणि त्यांच्यासाठी वेगळ्या गोळ्या आहेत. म्हणून नमुना घेतानाच तो पुरेसा घेतला आहे का, हे विचारावे. असा निर्णय सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर यांनी एकत्र बसून घेतलेला असावा.

१६. एका डॉक्टरांनी तिसरी आणि दुसऱ्यांनी दुसरी स्टेज सांगितली. कोणाचे खरे?

दोघांचेही खरे असू शकते. जानेवारी २०२५ पासून टीएनएमची नववी आवृत्ती लागू झाली. तिच्यात एन२ चे दोन भाग केले असून, ३ सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि एकाच ठिकाणचा एन२ हे दुसऱ्या स्टेजमध्ये येते. आठव्या आवृत्तीत तेच तिसऱ्या स्टेजमध्ये होते. स्टेजचा आकडा पाठ करण्यापेक्षा टी, एन, एम लिहून घ्यावे. ते जुळत असतील, तर भांडण फक्त नावाचे आहे.

१७. जिने चढायला लावले, फुंकायला लावले. हीसुद्धा स्टेजची तपासणी का?

नाही. फुप्फुसाचा भाग काढल्यावर उरलेल्यावर माणसाचे भागेल का, हे त्यातून पाहतात. रोग काढण्याजोगा असणे आणि माणूस ऑपरेशन झेपण्याजोगा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विडी-सिगारेट मात्र त्याच दिवशी बंद करावी.

१८. रिपोर्टमध्ये ‘स्मॉल सेल’ आहे. वरचे सगळे लागू होते का?

फुप्फुसाच्या कॅन्सरपैकी सुमारे १५ टक्के या प्रकारचे असतात. तो लवकर पसरतो आणि त्याचा मुख्य उपचार केमो व रेडिएशन हाच आहे. गाठ लहान असून ग्रंथी नमुन्यानेच स्वच्छ ठरल्या असतील, अशा मोजक्या रुग्णांतच ऑपरेशन करतात.

१९. तपासण्यांतच महिना चालला आहे. तेवढ्यात रोग वाढणार नाही का?

स्मॉल सेल सोडल्यास बहुतेक गाठी दुप्पट व्हायला महिने लागतात, त्यामुळे योग्य तपासणीत गेलेले दोन-तीन आठवडे वाया जात नाहीत. वाया जातात ते रिपोर्ट कपाटात पडून राहिलेले आठवडे. पेट किंवा सीटी दोन महिन्यांपेक्षा जुना झाला, तर ऑपरेशनपूर्वी तो पुन्हा करावा लागू शकतो.

२०. मिरजेत तपासण्या करून मुंबईला टाटा रुग्णालयात जायचे आहे. सोबत काय न्यायचे?

छापील फिल्म पुरत नाही. सीटी, पेट आणि एमआरआयच्या सीडी घ्याव्यात. बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक लॅबकडून मागून घ्यावेत, ते रुग्णाच्या हक्काचे असतात. ब्लॉक नसल्यास पुन्हा सुई लावण्याची वेळ येते. महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालेल्या नातेवाइकांचा ‘ब्लॉक लॅबमध्येच राहिला’ असा फोन मला साताऱ्याच्या आसपास येतो, हे मी अनुभवाने लिहितो आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. कोणती तपासणी त्यात बसते, हे ती करण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवावे.

२१. वडिलांना कॅन्सर असल्याचे सांगितलेले नाही. न सांगता या तपासण्या करता येतील का?

दुर्बीण, सुई आणि ऑपरेशन यांना रुग्णाची स्वतःची संमती लागते आणि कशासाठी हे न सांगता घेतलेली सही ही संमती नव्हे. माझा अनुभव असा आहे की पेटच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसाला बहुतेक वेळा कळलेलेच असते. तो मुलांना त्रास नको म्हणून गप्प असतो. सांगणे जड जात असेल, तर डॉक्टरांना सोबत घेऊन सांगावे.

२२. ऑपरेशननंतर स्टेज बदलली. आधीच्या तपासण्या चुकीच्या होत्या का?

आधीची स्टेज अंदाजाची असते. तिच्यापुढे ‘सी’ लिहितात. काढलेले फुप्फुस आणि ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर जी ठरते, तिच्यापुढे ‘पी’ लिहितात, आणि आधी औषधे दिलेली असतील तर ‘वाय’ जोडतात. स्वच्छ वाटलेल्या ग्रंथीत दोन-चार मिलिमीटरचा रोग सापडणे हे उत्तम तपासण्यांनंतरही घडते. म्हणून सर्जन ऑपरेशनच्या वेळी मधल्या ग्रंथीही काढतात आणि प्रत्येक जागेची ग्रंथी वेगळ्या बाटलीत, नाव घालून पाठवतात. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हाती आला की किती जागांच्या ग्रंथी तपासल्या, हा आकडा त्यात शोधावा. तो नसेल, तर एन० या शब्दावर किती भरवसा ठेवायचा हे सर्जनना विचारावे.